दारावरची दोन नावं

परदेशात राहायला जाण्याबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, ते बहुतेक व्हिसापाशी थांबतं. शिक्का उमटला, तिकिटं निघाली, भाजणी-मेतकुटाच्या पिशव्या वजन करून बॅगेत बसल्या, की घरच्यांना वाटतं आता सगळं मार्गी लागलं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. नवरा-बायको दोघं जातात तेव्हा ते काम दोघांसाठी एकाच दिवशी सुरू होतं, पण दोघांसाठी सारख्या वेगानं पुढे सरकत नाही. नोकरीवर आलेल्याला पहिल्या सोमवारीच टेबल, ओळखपत्र, सहकारी आणि दुपारच्या जेवणाची सोबत मिळते. जोडीदार म्हणून आलेल्याला मात्र ओळखी, कामाची वेळ, बाहेर पडायचं कारण, सगळं स्वतःच उभं करावं लागतं. दोन वेगांमधलं हे अंतर वेळीच ओळखलं तर नव्या देशातली पहिली दोन वर्षं पुष्कळ सुसह्य होतात. दुर्लक्ष केलं तर हेच अंतर भांडणांना पुरतं.

हे नीट समजून घ्यायला एक शहर डोळ्यांपुढे ठेवू: जर्मनीतलं श्टुटगार्ट. मराठी वाचकाला ते तसं परकं नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्राची २०१५ पासून भागीदारी आहे आणि २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबतही दोन्ही राज्यांनी करार केला. मर्सिडीज-बेंझचं मुख्यालय श्टुटगार्टमध्ये आणि कारखाना चाकणला. बॉशचं मुख्यालय शहराला लागून असलेल्या गेर्लिंगेनला आणि कारखाना नाशिकला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि माक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. त्यामुळे पुण्या-नाशिकहून या शहरात येणारी जोडपी आता नवलाईची राहिलेली नाहीत. नोकरी कधी नवऱ्याची असते, कधी बायकोची. पुढे जे सांगितलं आहे ते दोन्ही बाजूंना सारखंच लागू पडतं.

कागदांची साखळी

जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकानं नव्या घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता नगरपालिकेच्या कार्यालयात नोंदवायचा असतो. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. नियम परदेशी माणसांपुरता नाही. हांबुर्गहून श्टुटगार्टला आलेल्या जर्मन माणसालाही तो पाळावा लागतो. नोंदणीसाठी पासपोर्टबरोबर घरमालकाचा दाखला लागतो: अमुक माणसं अमुक तारखेपासून माझ्या घरात राहतात, असा. २०१५ पासून हा दाखला बंधनकारक आहे.

पुढचं जवळजवळ सगळं या एका नोंदणीतून निघतं. काही आठवड्यांत प्रत्येकाच्या नावावर अकरा आकडी कर क्रमांक टपालानं येतो. हा क्रमांक जन्मभर बदलत नाही आणि नोकरी नसलेल्यालाही मिळतो. पुष्कळ बँका खातं उघडताना नोंदणीचा कागद मागतात. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात रहिवास परवान्याचा अर्ज करतानाही नोंदणी, भाडेकरार आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. एक कडी अडली की पुढच्या सगळ्या अडतात. शिवाय मोठ्या शहरांत कार्यालयाची वेळ मिळायलाच बराच काळ जातो.

यात एक पेच आहे. पगाराच्या पावत्या आणि बँक खातं नसलेल्याला घर द्यायला मालक तयार नसतात, आणि घर नसेल तर नोंदणी होत नाही. म्हणून बहुतेक जोडपी सुरुवातीला सामानासकट मिळणारं तात्पुरतं घर घेतात. असं घर ठरवताना भाडं आणि अंतर यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा: या पत्त्यावर आमच्या दोघांची नोंदणी होईल ना? काही तात्पुरत्या घरांचे मालक नोंदणीसाठीचा दाखला देत नाहीत. तसं घर स्वस्त असलं तरी शेवटी महागात पडतं.

जर्मनीत सरकार, बँक आणि विमा कंपनी आजही टपालानं बोलतात. टपालवाला घराचा क्रमांक नव्हे, पेटीवरचं नाव पाहतो. एका इमारतीत दहा बिऱ्हाडं असली तरी फ्लॅट क्रमांक बहुधा नसतो. दारातल्या घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव लिहिलेलं असतं. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि त्या पत्रात कर क्रमांक किंवा बँकेचं कार्ड असू शकतं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावायला हवीत. नवीन घरात गेल्यावर सामान लावण्याआधी करायचं काम हेच.

पासपोर्टवरचं नाव आणि पदवीवरचं नाव

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना नावाचा एक खास प्रश्न पडतो. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं असतात. पासपोर्टवर पहिली दोन बहुधा एकाच रकान्यात येतात. जर्मन कार्यालय तो रकाना जसाच्या तसा उतरवून घेतं, म्हणून मधलं नावही माणसाच्या स्वतःच्या नावाचा भाग बनतं. विम्याच्या कार्डावर, कराच्या पत्रावर, दवाखान्याच्या नोंदीत बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव कायमचं चिकटतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीची अडचण याहून मोठी आहे. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि आधीच्या नोकरीचे दाखले माहेरच्या नावाचे. पासपोर्ट सासरच्या नावाचा. महाराष्ट्रात बसलेल्या कारकुनाला हे सांगावं लागत नाही. श्टुटगार्टमधल्या अधिकाऱ्याला मात्र समोरच्या दोन कागदांवर दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात, आणि त्याचं तसं वाटणं चुकीचं म्हणता येत नाही. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला, नावात बदल केल्याचं राजपत्र असेल तर तेही, आणि त्यांची प्रमाणित जर्मन भाषांतरं निघण्याआधीच तयार ठेवावीत. जन्मदाखलाही सोबत असावा. मूल झालं की त्याच्या नोंदणीसाठी आईवडील दोघांचे जन्मदाखले मागितले जातात. इथे चार दिवसांत होणारं हे काम तिथून करायचं म्हटलं की भावाला, दिराला, शेजाऱ्याला विनवण्या कराव्या लागतात.

भाड्याचं घर

जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात. भाड्यानं राहणं ही तिथे तात्पुरती सोय मानली जात नाही, म्हणून भाडेकरूचे हक्कही भक्कम आहेत. जाहिरातीत दोन आकडे असतात. ‘काल्टमीटं’ म्हणजे नुसतं जागेचं भाडं आणि ‘वार्ममीटं’ म्हणजे त्यात उष्णता, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे मिळवून होणारी रक्कम. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. खर्चाचा हा भाग अंदाजानं ठरवलेला असतो आणि वर्षातून एकदा त्याचा हिशेब होतो. हिवाळ्यात रेडिएटर मनसोक्त चालू ठेवले असतील तर वर्षानं मोठी रक्कम भरायची वेळ येते. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंइतकीच घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत भरायचा भाडेकरूला कायद्यानं हक्क आहे. घर सोडायचं तर तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं.

भाडेकरारावर दोघांची नावं असावीत. नोकरी एकाचीच असली तरी हे करता येतं आणि करावं. करारावर नाव असलेला जोडीदार मालकाशी स्वतः बोलू शकतो, तक्रार करू शकतो, आणि उद्या दुर्दैवानं दोघं वेगळे झाले तर घरावरचा त्याचा हक्क सिद्ध करत बसावं लागत नाही.

घरात पाऊल टाकल्यावर मराठी माणसाला पहिला धक्का स्वयंपाकघर देतं. पुष्कळ घरांत तिथे काहीच नसतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून आलेलं पाण्याचं तोंड आणि विजेची जोडणी, एवढंच. भाडेकरू आपलं स्वयंपाकघर स्वतः बसवतो आणि जाताना काढून नेतो, किंवा येणाऱ्याला विकतो. जुन्या भाडेकरूकडून ते विकत घेणं बहुधा सोयीचं पडतं. छताला दिवे नसतात, वायरी लोंबत असतात. न्हाणीघरात शॉवरची जागा सोडली तर जमिनीला मोरी नसते, त्यामुळे पाणी ओतून फरशी धुण्याची सवय पहिल्याच दिवशी सोडावी लागते. सांडलेलं पाणी खालच्यांच्या छतातून उतरतं.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे हवा. जर्मन घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात. आपल्या स्वयंपाकाची वाफ, न्हाणीघरातली वाफ आणि घरात वाळणारे कपडे यांचा ओलावा आत कोंडतो, थंड भिंतींवर बसतो आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. म्हणून भर हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळू द्यायचा. दिवसभर खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे चांगलं, कारण थोड्या वेळात हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत. काही भाडेकरारांत हे लिहिलेलंच असतं. बुरशी आली की दोष घराचा की राहणाऱ्यांचा यावर वाद होतो, म्हणून ही सवय दोघांनी लावून घ्यावी.

चूल आणि बाजार

शेगडी बहुतेक ठिकाणी विजेची, गुळगुळीत काचेची. खोलगट तवा आणि गोल बुडाची कढई तिच्यावर नीट बसत नाही. सपाट बुडाची भांडी तिथेच घेतलेली बरी. इंडक्शन असेल तर चुंबक चिकटेल अशीच हवीत. झोपायच्या खोलीत आणि येण्याजाण्याच्या मार्गात धुराचा इशारा देणारं यंत्र कायद्यानं असतं. मिरच्यांच्या फोडणीआधी खिडकी उघडायची आणि वरचा पंखा लावायचा.

जर्मन गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख, म्हणजेच खनिजं, उरतात ते हा आकडा सांगतो. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा. आकडा वाढेल तसा कोंड्याचा अंश वाढतो. संपूर्ण गव्हाच्या पिठावर आकडा नसतो, पण त्याचं दळण जाडंभरडं असतं. पोळीला ते एकटं चालत नाही. भारतीय दुकानातला आटा मिळेपर्यंत ते बारीक पिठात मिसळून काम भागतं. पोहे, तूरडाळ, हिंग, कढीपत्ता यासाठी भारतीय दुकान शोधावंच लागतं. पण कोणत्याही साध्या दुकानात ‘क्वार्क’ नावाचा ताज्या चीजचा प्रकार मिळतो. तो चक्क्याच्या इतका जवळचा आहे की जर्मनीतल्या मराठी घरांत श्रीखंड त्याचंच होतं. लोणी तिथे बहुधा बिनमिठाचं असतं, त्यामुळे तूप घरी उत्तम कढतं. चवीचे असे दुवे सापडले की नव्या बाजाराची भीती जाते. ते शोधायला दोघांनी मिळून जावं, कारण बाजार हा भाषेचा पहिला वर्गही असतो.

बाटल्या फेकायच्या नाहीत. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट. दुकानातल्या यंत्रात बाटली परत टाकली की पावती मिळते. कागद, ओला कचरा, वेष्टनं आणि उरलेला कचरा वेगवेगळा. काच तर रंगाप्रमाणे वेगळ्या पेट्यांत, आणि तीही रात्री किंवा रविवारी टाकायची नाही, कारण आवाज होतो. शेजारी चुकीबद्दल स्पष्ट बोलतात. त्याचा राग मानू नये. त्यांच्या लेखी हा सगळ्यांच्या सामाईक घराचा नियम असतो, आणि तो पाळणारा माणूस लवकर त्यांच्यातला होतो.

एकाचा पगार, दोघांचा हिशेब

जर्मनीत १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात सक्तीचा आरोग्य विमा सुरू झाला. आजही नोकरदाराच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो आणि जवळपास तेवढीच भर मालक घालतो. या सरकारी चौकटीतल्या विम्यात, म्हणजे ‘क्रांकनकासं’त, उत्पन्न नसलेला किंवा अगदी अल्प उत्पन्न असलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता सामावून घेतली जातात. खासगी विम्याचं तसं नाही. तिथे प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. जास्त पगारावर आलेल्या तरुण इंजिनिअरला खासगी विमा स्वस्त वाटतो, पण कुटुंब आलं की हिशेब उलटतो, आणि तिथून परत सरकारी विम्यात येणं अवघड असतं. त्यामुळे हा निर्णय एकट्यानं विमानतळावरून आल्या आल्या घेऊ नये.

विम्याचं कार्ड प्रत्येकाच्या नावाचं वेगळं असतं. ते मिळालं की घराजवळचा एक डॉक्टर कायमचा म्हणून शोधून ठेवावा. जिवावरच्या प्रसंगी ११२, आणि दवाखाने बंद असताना पण तितकी घाई नसताना ११६११७, हे दोन आकडे दोघांच्या फोनमध्ये हवेत.

करात आणखी एक महत्त्वाची निवड दडलेली आहे. विवाहित जोडप्याला कराच्या वर्गांची जोडी निवडता येते. काही न सांगितल्यास दोघंही चौथ्या वर्गात जातात. जास्त कमावणाऱ्यानं तिसरा आणि कमी कमावणाऱ्यानं पाचवा वर्ग घेतला, तर दर महिन्याला घरात येणारी रक्कम वाढते, म्हणून बरीच जोडपी तसं करतात. पण वर्षाअखेर एकत्र विवरण भरल्यावर कराची एकूण रक्कम दोन्ही पद्धतींत तीच निघते. फरक पडतो तो फक्त ती केव्हा आणि कोणाच्या पगारातून कापली गेली यात. पाचव्या वर्गातल्या जोडीदाराच्या हाती येणारा पगार मात्र फार आटतो. बेकारी भत्ता आणि बाळंतपणानंतरचा पालक भत्ता या हाती आलेल्या पगारावरून ठरतो. म्हणजे बायकोनं नोकरी धरली, पाचव्या वर्गात राहिली आणि पुढे मूल झालं, तर तिला मिळणारा भत्ता कमी होतो. कराचा वर्ग हा दोघांनी शेजारी बसून ठरवायचा विषय आहे.

बँकेत सामाईक खातं असावं आणि प्रत्येकाचं स्वतःचंही असावं. प्रत्येक खरेदीसाठी विचारावं लागणं, मग ते कितीही प्रेमानं विचारलेलं असो, शिकल्यासवरल्या माणसाला आतून लहान करत जातं.

सोबत आलेल्याचं आयुष्य

युरोपीय ‘ब्लू कार्ड’ जर्मनीनं २०१२ मध्ये लागू केलं. उच्चशिक्षित नोकरदारासाठी असलेल्या या परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करायची मुभा असते, आणि व्हिसासाठी जर्मन येण्याची अटही नसते. ही सवलत मोठी आहे. तरी एक सापळा तिच्यात आहे: भाषेची अट नाही म्हणून जोडीदार भाषा न शिकताच येतो, आणि मुभा असूनही नोकरी मिळत नाही.

संगणक क्षेत्रात इंग्रजीवर काम मिळू शकतं आणि पदवीला वेगळी मान्यता लागत नाही. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माता आणि शाळेतले शिक्षक यांचं तसं नाही. हे व्यवसाय नियमांनी बांधलेले आहेत. पदवी जर्मन पदवीच्या तोडीची आहे का हे आधी तपासलं जातं. डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना वैद्यकीय जर्मनची परीक्षा द्यावी लागते, आणि अभ्यासक्रमात तफावत आढळली तर ज्ञानाचीही. पदवीच्या या तपासणीसाठी विषयवार तासांची माहिती विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी लागते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून आणि आपल्या व्यावसायिक परिषदेतून हे कागद घरी असतानाच मिळवले, तर पुढचे कित्येक महिने वाचतात. हा रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही. त्यावर चालणाऱ्याला घरातून वेळ, पैसा आणि धीर मिळायला हवा, तोही उपकार म्हणून नव्हे.

भाषेसाठी गावोगावी ‘फोल्क्सहोखशूलं’, म्हणजे लोकशिक्षणाच्या शाळा, आहेत. नवागतांसाठीच्या एकात्मता अभ्यासक्रमात साधारणपणे भाषेचे ६०० तास आणि देशाची ओळख करून देणारे १०० तास असतात. तिथे सिरिया, युक्रेन, ब्राझील, तुर्कस्तान अशा देशांतून आलेली माणसं एका बाकावर बसतात. ज्याची ओळख आतापर्यंत ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमकीचा नवरा’ एवढीच होती, त्याला इथे पहिल्यांदा स्वतःच्या नावानं हाक मारणारे भेटतात. कंपनीत इंग्रजी बोलणाऱ्या जोडीदारानंही शिकायला हवं. ब्लू कार्डवाल्याला कायमच्या परवान्यासाठी प्राथमिक जर्मनवर २७ महिने लागतात, बी-वन पातळी गाठली तर २१. सोबत आलेल्याच्या कायम परवान्याच्या अटी वेगळ्या आहेत; त्यांची चौकशी स्वतंत्रपणे आणि वेळेत करावी. वर्गात शिकलेली जर्मन आणि श्टुटगार्टच्या बेकरीत कानी पडणारी श्वेबिश बोली यांत बरंच अंतर आहे. सुरुवातीला कळलं नाही तर नाउमेद होऊ नये. उत्तरेकडच्या जर्मनांनाही ती सहज कळत नाही.

दिवसाचा आणि वर्षाचा ताल

घरातले बरेच खटके भारताशी असलेल्या वेळेच्या फरकातून उडतात. हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. संध्याकाळी सहाला कामावरून सुटलेल्या माणसासाठी हिवाळ्यात भारतात साडेदहा वाजून गेलेले असतात, आईवडील झोपलेले. घरी असलेला जोडीदार मात्र सकाळपासून आईशी, बहिणीशी, मैत्रिणीशी बोलू शकतो, आणि भारतात रात्र झाली की त्याचा फोन गप्प होतो. नेमकं तेव्हा दुसरा घरी येतो, दिवसभर परक्या भाषेत बोलून थकलेला, त्याला शांतता हवी असते. एकाला आत्ता बोलायचं असतं, दुसऱ्याला आत्ता नको असतं. यात प्रेमाचा तोटा नसतो, दोघांचे दिवस फक्त वेगळ्या जागी गेलेले असतात. हे कारण कळलं की उपायही सापडतो. संध्याकाळची पहिली अर्धी घटका ज्यानं त्यानं आपली आपण घालवायची आणि जेवणानंतर दोघांनी एकत्र बाहेर एक फेरी मारायची, इतकं साधं ठरवूनही पुष्कळ फरक पडतो.

श्टुटगार्ट डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात वसलं आहे. द्राक्षमळ्यांच्या उतारांवरून शहरभर दगडी जिने उतरतात. तिथले लोक त्यांना ‘श्टेफलं’ म्हणतात, आणि ते चारशेच्या वर आहेत. या जिन्यांवरून फिरायला पैसे पडत नाहीत. डिसेंबरात दिवस सव्वाआठ तासांचा असतो आणि साडेचारला अंधार पडतो. या काळात मन खचतं ते स्वभावाच्या कमकुवतपणामुळेच असं नव्हे, उजेडाच्या अभावामुळेही. म्हणून दुपारी, ऊन नसलं तरी, बाहेर पडणं हे औषध समजावं. उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही तर डॉक्टरकडे जावं. विम्यात तेही येतं. जूनमध्ये हाच दिवस सोळा तासांचा होतो आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

रविवारी दुकानं बंद असतात. १९१९ च्या वायमार राज्यघटनेनं रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून दिलेलं संरक्षण १९४९ च्या घटनेत तसंच घेतलं आहे. स्टेशनातली काही दुकानं, पेट्रोलपंप आणि सकाळी काही बेकऱ्या सोडल्या तर खरेदी नाही. भिंतीत ड्रिल करणंही नाही. पहिले काही रविवार नव्या जोडप्याला खायला उठतात. तोच दिवस पुढे त्यांचा स्वतःचा होतो.

या भागात ‘केअरवोखं’ म्हणून एक पद्धत आहे: इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडानं आळीपाळीनं जिना आणि दारासमोरची जागा झाडायची. जिना झाडताना शेजारीण भेटते, दोन शब्द होतात. असंच दुसरं दार म्हणजे ‘फेराइन’, नोंदणीकृत मंडळं. जर्मनीत ती सहा लाखांच्या आसपास आहेत. गाण्याची, व्यायामाची, बागकामाची, बुद्धिबळाची. तिथे मैत्री सावकाश होते पण टिकते. मोठ्या शहरांतली मराठी मंडळंही गणपती, दिवाळी, कोजागरी साजरी करतात, आणि आजारपणात पहिला डबा बहुधा तिथूनच येतो. ती हवीतच. पण नुसत्या आपल्या माणसांत राहिलं तर शहराशी ओळख होत नाही, आणि नुसत्या परक्यांत राहिलं तर जीव थकतो. दोघांना दोन्ही लागतं, आणि प्रत्येकाला निदान एक ओळख अशी हवी जी जोडीदारामार्फत आलेली नाही.

स्थिरावलो हे कसं ओळखायचं

कायमचा परवाना, मोठं घर, गाडी ही स्थिरावण्याची मोजमापं सोपी आहेत, पण ती एका माणसाच्या पगारावरही उभी राहतात. त्याहून खरी कसोटी वेगळी आहे. आल्याला वर्ष झालं की दोघांनी एकमेकांना विचारावं: उद्या तुला महिनाभर भारतात जावं लागलं, तर इथे मागे राहिलेल्या मला काय काय जमेल? टपालानं आलेलं पत्र मी वाचून उत्तर देऊ शकेन का? डॉक्टरची वेळ घेता येईल का? घरमालकाशी फोनवर बोलता येईल का? रविवारी कोणाकडे चहाला जाईन? आणि नोकरी करणाऱ्यानंही हेच स्वतःला विचारावं: जोडीदार घरी नसेल तर मला स्वयंपाक जमतो का, कोणता कचरा कधी जातो हे ठाऊक आहे का, मुलाच्या बालवाडीतल्या बाई मला ओळखतात का?

या प्रश्नांची यादी करावी आणि जिथे ‘नाही’ येईल ते काम पुढच्या महिन्यापासून मुद्दाम दुसऱ्याच्या हाती द्यावं. सुरुवातीला वेळ जास्त लागेल, फोनवर बोलताना शब्द अडतील, एखादं पत्र दोनदा लिहावं लागेल. ते चालेल. एका माणसाच्या आधारानं परदेशात दिवस काढता येतात, पण संसार मांडायचा तर त्या देशात दोघांचेही पाय टेकलेले हवेत.